चौकोन विणायला घेतला आणि त्रिकोण होतोय: क्रोशाच्या काठाचं दुखणं

सुरुवात छान होते. साखळी जमते, मुका खांब (सुईवर वेढा न घेता घातलेला बुटका टाका) जमतो, पहिल्या चार-पाच ओळी बघून घरची माणसं कौतुक करतात. मग दहाव्या-बाराव्या ओळीला डोळ्यांत खुपतं की वरची बाजू खालच्यापेक्षा अरुंद आहे. दोन्ही हातांनी ताणून बघावं, थोडं बरं वाटतं, पुढे विणत जावं, आणि विसाव्या ओळीला समोर चक्क त्रिकोण. उसवून पुन्हा घेतलं तरी पुन्हा तेच. इथे आल्यावर बऱ्याच जणी सुई, लोकर, कात्री सगळं डब्यात भरून कपाटावर ठेवून देतात, आणि मला त्याचंच फार वाईट वाटतं. हे दुखणं बरं करायला एक संध्याकाळ पुरते.

मी वेंगुर्ल्याला राहते. दोन पावसाळ्यांपूर्वी क्रोशाचं किट मागवलं तेव्हा सुई कशी धरतात हेही मला ठाऊक नव्हतं. घरात आजीने विणलेलं तोरण आहे, पण आजी होती तेव्हा तिच्याजवळ बसून शिकणं राहून गेलं. किटमध्ये रबरी मुठीच्या सहा सुया, लोकरीचे चार गुंडे, प्लास्टिकच्या रंगीत पिना, बोथट टोकाची एक मोठी सुई, टेप आणि एक पुस्तिका होती. मनात एकच होतं: चवथीला गणपतीच्या चौरंगावर आपल्या हातचा रुमाल घालायचा. ६० टाक्यांनी सुरुवात केली. ४० ओळी झाल्यावर मोजले तर २३ टाके उरले होते. त्या वर्षी चौरंगावर बाजारातलं वस्त्र घातलं.

हा त्रिकोण झाला तेव्हा जूनचा शेवट होता. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि आमच्या शेजारचे आजोबा पडवीत जाळं पसरून दुरुस्तीला बसतात. त्यांच्याकडे बांबूची एक चपटी पट्टी आहे, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली. दोरा त्या पट्टीवरून घेऊन गाठ मारतात, म्हणजे प्रत्येक आस सारख्या मापाची पडते. (जाळ्याच्या एका भोकाला आस म्हणतात.) ठरावीक आसांनंतर ते लाल दोऱ्याचा एक तुकडा बांधून ठेवतात. मी माझा त्रिकोण घेऊन पायरीवर बसले होते. त्यांनी तो हातात घेतला, मधल्या विणीकडे बघितलंसुद्धा नाही, दोन्ही कडांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, “काठ मोजलंस काय गो?”

मी मोजलाच नव्हता. मी प्रत्येक टाका कसा दिसतो ते बघत होते, घट्ट आहे की सैल, सरळ आहे की तिरका. ओळीत किती टाके आहेत हे ४० ओळींत एकदाही मोजलं नव्हतं. खालचं सगळं त्या एका प्रश्नातून हळूहळू उलगडत गेलं. त्यानंतर वाडीतल्या सात-आठ जणींचे असेच त्रिकोण माझ्याकडे आले, त्यांतून बाकीचं शिकले.

उसवण्याआधी मोजा

बिघडलेलं काम हीच सगळ्यात चांगली खूण आहे, म्हणून ते लगेच उसवू नका. टेबलावर सपाट पसरा आणि तळापासून एकेक ओळ मोजून वहीत आकडे लिहा. टाका मोजायचा तो वरच्या कडेवरचा इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार बघून. एक ‘व्ही’ म्हणजे एक टाका. सुईवर जो फास अडकलेला असतो तो कधीच मोजायचा नाही. खालच्या ओळींचे ‘व्ही’ पुढच्या ओळीखाली दबलेले असतात, तिथे उभे खांब मोजा.

माझ्या रुमालात ४० ओळींत ३७ टाके गेले होते, म्हणजे जवळजवळ दर ओळीला एक. हा हिशोब फार बोलका आहे. दर ओळीला नेमाने एकच टाका जात असेल तर चूक मधे होत नाहीये, ओळ सुरू करताना किंवा संपवताना होतेय. दर ओळीला दोन जात असतील तर दोन्हीकडे होतेय. आकडे कसेही उड्या मारत असतील, २०, २०, १९, २१, १८ असे, तर तुम्ही मधेच टाका गाळताय, किंवा लोकरीचा पीळ सुटून एकाच टाक्यात दोनदा सुई जातेय. आणि सगळ्या ओळींत आकडा सारखा असूनही काम अरुंद होत असेल, तर काठाचा काही दोष नाही, तुमचा हात बदलतोय. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आकाराकडेही बघा. पुष्कळ जणींना वाटतं की ओळीच्या शेवटी टाका सुटत असेल तर एकच बाजू तिरकी व्हायला हवी. तसं होत नाही, कारण प्रत्येक ओळीनंतर आपण काम उलटवतो. या ओळीचा शेवट आपल्या डावीकडे, पुढच्या ओळीचाही डावीकडेच, पण तोवर तिथे कापडाची दुसरी कड आलेली असते. म्हणून एकच चूक दोन्ही कडा आळीपाळीने खाते आणि नीट समतोल त्रिकोण तयार होतो. एकच कड तिरकी असेल आणि दुसरी सरळ, तर चूक फक्त एकाड एक ओळींत होतेय. बहुतेक वेळा कापडाची उलटी बाजू समोर असते तेव्हा, कारण तिकडून टाके ओळखू येत नाहीत.

मुक्या खांबाची ओळ: नेमकं कुठे चुकतं

२० टाक्यांची पट्टी धरून सांगते. आधी २१ साखळ्या घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब, तिथून शेवटपर्यंत २०. इथवर सगळ्यांचं बरोबर येतं. आता पुढच्या ओळीसाठी एक साखळी घालून काम उलटवायचं. ही एक साखळी फक्त सुई उंचीवर नेण्यासाठी आहे, ती टाका म्हणून मोजायची नाही. आणि पुढच्या ओळीचा पहिला मुका खांब घालायचा तो अगदी पहिल्याच टाक्यात, त्या साखळीच्या बुडाशी चिकटून जो ‘व्ही’ दिसतो त्यात.

नवशिक्या हाताला तो टाका वापरून झालाय असं वाटतं. साखळी त्यातूनच उगवल्यासारखी दिसते ना! म्हणून सुई पुढच्या टाक्यात जाते आणि दर ओळीला एक टाका गळतो. ही पहिली जागा.

दुसरी जागा ओळीच्या शेवटी, आणि माझी चूक तिथलीच होती. शेवटचा टाका म्हणजे आदल्या ओळीचा पहिला टाका. तो काठावर असल्याने त्याच्या पलीकडे आधाराला कुणी नसतं, तो बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि त्याचा ‘व्ही’ कडेला वळून जातो. वरून बघितलं तर १९ टाके स्पष्ट दिसतात आणि विसावा म्हणजे कडेवरची एक गाठ वाटते. मी त्या गाठीला गाठच समजत होते. काम संपलं असं वाटून उलटवत होते. बोटाच्या नखाने ती गाठ जरा आत ढकलून बघा. तिचे दोन धागे वेगळे होतात आणि मधे सुई जाईल एवढी फट उघडते. तोच तुमचा हरवलेला टाका.

कधी कधी उलटंही होतं. शेवटचा टाका सापडतो, पण त्यापुढे आदल्या ओळीची ती एक साखळीही दिसते आणि तिच्यातही एक खांब घातला जातो. मग ओळ वाढत जाते आणि काम पंख्यासारखं पसरतं. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे सुरुवातीला एक टाका गाळायचा आणि शेवटी त्या साखळीत एक जास्तीचा घालायचा. मोजलं तर बरोबर २० येतात! पण दोन्ही कडांना बारीक भोकं पडत जातात. टाके पूर्ण आहेत आणि कड मात्र जाळीदार दिसतेय अशी तक्रार घेऊन जी येते, तिच्या ओळीची सुरुवात मी आधी बघते.

दोन पिना, आणि काही नको

त्या लाल दोऱ्यावरून मला हे सुचलं. किटमधल्या प्लास्टिकच्या पिना पहिल्या दिवशी सगळ्या जणी बाजूला ठेवतात, कारण त्या कशासाठी आहेत हे पुस्तिकेत धड सांगितलेलं नसतं. त्या याचसाठी आहेत. पिना नसतील तर सेफ्टी पिन चालते, वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडाही चालतो.

ओळीचा पहिला मुका खांब घातला, की ताबडतोब त्याच्या ‘व्ही’त पिन अडकवा. ओळ संपेपर्यंत थांबू नका, टाका घालून झाल्या झाल्या. ओळ पुरी करून काम उलटवलं, पुढच्या ओळीचा पहिला टाका घातला, की त्यात दुसरी पिन. आता विणत विणत शेवटाकडे या. तुम्हाला पहिली पिन दिसेल. ती जिथे आहे तोच शेवटचा टाका, तिच्या अलीकडे थांबायचं नाही आणि पलीकडे जायचं नाही. पिन काढा, तिच्याच जागी सुई घाला, खांब पुरा करा. मोकळी झालेली पिन पुढच्या ओळीच्या पहिल्या टाक्यात.

एवढंच. आठ-दहा ओळी असं केलं की डोळ्याला तो कलंडलेला टाका आपोआप दिसायला लागतो. मी मात्र आजही काठाला पिन लावते, विशेषतः रात्री टीव्हीसमोर बसून विणताना, आणि शिकवताना कुणालाही पहिल्या महिन्यात पिनांशिवाय विणू देत नाही. शिवाय दर पाचव्या ओळीला मोजायचं. पाच ओळी उसवाव्या लागल्या तर जीव हळहळत नाही, चाळीस उसवताना हळहळतो.

खांबाच्या ओळीत नियम उलटे होतात

मुका खांब जमला की सगळ्या जणी लगेच पूर्ण खांबाकडे (सुईवर आधी वेढा घेऊन घातलेला उंच टाका) वळतात, काम भराभर वाढतं म्हणून. आणि बरा झालेला त्रिकोण पुन्हा उगवतो. कारण इथे उंचीसाठी तीन साखळ्या घालतात आणि या तीन साखळ्या मिळून एक खांब म्हणून मोजतात. म्हणजे पहिल्या टाक्याच्या डोक्यावर खांब उभा झालाच. तो टाका सोडायचा आणि पुढच्या टाक्यापासून सुरुवात करायची. मुक्या खांबाच्या सवयीने पहिल्या टाक्यात पुन्हा घातला तर दर ओळीला एक टाका वाढेल.

ओळीच्या शेवटी त्याची परतफेड करायची असते. आदल्या ओळीच्या त्या तीन साखळ्या काठाला उभ्या असतात. त्यांतल्या सगळ्यात वरच्या, तिसऱ्या साखळीत शेवटचा खांब घालायचा. इथेच नवशिक्या चुकतात, कारण त्या साखळ्या खांबासारख्या दिसतच नाहीत, सुटलेल्या दोऱ्यासारख्या दिसतात. पिन लावायची ती या तिसऱ्या साखळीत, ती घातल्या घातल्या. नंतर शोधायला गेलात तर पहिली कुठली आणि तिसरी कुठली हे कळत नाही.

२० खांब हवे असतील तर २२ साखळ्या घाला आणि सुईपासून चौथ्या साखळीत खांब सुरू करा. सोडलेल्या तीन साखळ्या हा पहिला खांब, बाकीचे १९. हात सैल असेल तर तीन साखळ्यांनी कडेला फुगा येतो. मग दोनच घाला, मोजणी तीच ठेवा. माझा हात सैल आहे, मी दोनच घालते.

पुस्तिका एक म्हणते, व्हिडिओ दुसरंच

किटमधली पुस्तिका एका देशातली आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दुसऱ्या देशातला असला की घोळ होतो. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्याला ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकेचं डबल ते ब्रिटनचं ट्रेबल. नाव एकच, टाका वेगळा, आणि उंचीच्या साखळ्याही त्याप्रमाणे वेगळ्या. मुका खांब घालायचा तिथे पूर्ण खांब घातला गेला की काठाचं गणित कोसळलंच.

ओळखायची खूण सोपी आहे. पुस्तिकेत कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द दिसला तर ती अमेरिकी पद्धतीची, कारण ब्रिटिश पद्धतीत सिंगल नावाचा टाका नाहीच. ‘ट्रेबल’साठी तीन साखळ्या चढवायला सांगितल्या असतील तर ब्रिटिश, अमेरिकी ट्रेबल उंच असतो, त्याला चार लागतात. मी पुस्तिकेतले शब्द पेन्सिलने खोडून त्यावर आपले शब्द लिहिले: साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. आपल्या आज्यांचे हे शब्द कुठल्या देशाच्या पद्धतीवर अवलंबून नाहीत, सरळ टाक्याचं रूप सांगतात. मुका म्हणजे ज्याला उंची नाही, सुईवर आधी वेढा नाही. खांब म्हणजे उभा दिसतो तो. पाठ करायचंच असेल तर हे करा.

डावखुऱ्या मुलींसाठी एवढंच: आकडे, पिना, साखळ्या सगळं तसंच, फक्त ओळ डावीकडून उजवीकडे जाते. व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा करून बघायची सोय मोबाइलमध्ये असते, ती वापरा. माझी भाची तशीच शिकली आणि तिचा काठ माझ्यापेक्षा सरळ येतो.

टाके पूर्ण, तरी काम वाकडं

मोजून आकडे बरोबर आले तर आता टेप काढा आणि तळ, मध्य, वर अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा.

तळाची कड आवळलेली आणि वर पसरलेलं असेल तर पायाच्या साखळ्या घट्ट पडल्या आहेत. हे जवळजवळ प्रत्येकीचं होतं, कारण साखळी हा पहिला शिकलेला प्रकार, आणि तेव्हा दोरा निसटेल या भीतीने आपण तो गच्च धरलेला असतो. उपाय: पायाच्या साखळ्या एक आकडा मोठ्या सुईने घाला, पहिली ओळ नेहमीच्या सुईने. किटमध्ये सुया सहा असतात त्या काही शोभेला नाहीत. ४ मिलिमीटरच्या सुईने विणत असाल तर साखळीपुरती ५ची घ्या.

सगळीकडेच घट्ट असेल तर सुईकडे नीट बघा. टोकाला आकडा, त्याच्या मागे निमुळती मान, मग सारख्या जाडीचा दांडा. टाक्याचं माप दांड्यावर ठरतं. बऱ्याच जणी फास मानेवरच आवळतात, तिथे सुई बारीक असते, म्हणून ४च्या सुईने ३चा टाका पडतो. दर वेळी फास दांड्यापर्यंत सरकू द्या. आजोबांची बांबूची पट्टी जे काम करते तेच इथे दांडा करतो. हे समजल्यावर माझी निम्मी लढाई संपली.

आणि सुई दर वेळी ‘व्ही’च्या दोन्ही धाग्यांखालून घाला. कधी एकाखालून, कधी दोन्हींखालून असं झालं तर टाके पूर्ण असूनही ओळीची उंची वरखाली होते.

आपली हवा

हे कुठल्याच पुस्तिकेत सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की हात कोरडा राहतच नाही. किटमधली लोकर बहुतेक अॅक्रिलिकची असते. ओलसर बोटांवर ती सरकत नाही, चिकटते, अॅल्युमिनियमच्या सुईवर कुरकुर आवाज करते. दोरा सरकला नाही की आपण ओढतो, ओढला की टाका आवळतो, आणि आवळलेल्या ओळीत काठावरचा तो कलंडलेला टाका तर पूर्ण मिटून जातो. म्हणजे हवेपासून त्रिकोणापर्यंत एक सरळ वाट आहे. आमच्याकडच्या त्रिकोणांपैकी बहुतेक पावसाळ्यातलेच.

बसण्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. तेल तर अजिबात नको, जेवण करून तसंच उठून विणायला बसू नका. बोटांना किंचित टाल्कम पावडर लावली की दोरा सरकतो. पंखा थेट हातावर येईल असं बसा. एवढं करूनही आवळत असेल तर पावसाळ्यापुरती अर्ध्या मिलिमीटरने मोठी सुई घ्या. पण एकाच कामात अधेमधे सुई बदलू नका. मे महिन्यात सुरू केलेलं काम जुलैत पुरं करताना माझी वरची बाजू जवळजवळ दोन बोटं अरुंद झाली, टाके मात्र पूर्ण होते.

अॅल्युमिनियमला गंज चढत नाही, पण खाऱ्या हवेने त्यावर पांढुरकी खरखर येते आणि दोरा अडकतो. कोरड्या सुती फडक्याने दर वेळी पुसून ठेवा. किटमधली मोठी बोथट सुई आणि आजीच्या डब्यातल्या जुन्या बारीक सुया पोलादाच्या असतात, त्यांना मात्र गंज धरतो आणि सुती दोऱ्यावर तांबूस डाग पडतो, जो निघत नाही. अगदी बारीक पॉलिश पेपरने घासा, खोबरेल तेलाचा थेंब चोळा आणि फडक्यावर तेल उमटेनासं होईपर्यंत पुसा. घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. अर्धवट काम ओल्या हवेत कापडी पिशवीत राहिलं तर कुबट वास धरतं, तेही डब्यातच बरं.

आणखी एक. पावसात आमच्याकडे वीज जाते-येते, घरात दुपारीही अंधार असतो. अशा उजेडात काळी, गडद निळी, चॉकलेटी लोकर शिकायला घेऊ नका. किटमध्ये प्राणी विणायला म्हणून काळा गुंडा असतो आणि तोच आधी हाताशी लागतो. काळ्यात ‘व्ही’ दिसत नाही. फिकट पिवळा, आकाशी, पोपटी घ्या. किटमध्ये नसेल तर गावातल्या कटलरीच्या दुकानात फिकट रंगाचा एक गुंडा मिळतो, शिकण्यापुरता तो पुरे. नऊ-दहा नंबरचा बारीक पांढरा सुती दोरा तोरणांसाठी छान, पण पहिल्या महिन्यात नको. टाकाच एवढासा की काठ शोधताना डोळे दुखतील.

गोल विणताना

किटमधली बाहुली, कासव वगैरे गोलात विणतात. तिथे काम उलटवायचं नसतं आणि काठही नसतो, पण फेरा कुठे सुरू झाला हे हरवतं, म्हणून पिन इथेही फेऱ्याच्या पहिल्या टाक्यात. मुक्या खांबाची सपाट चकती हवी तर टाके ६, १२, १८, २४ असे दर फेऱ्याला सहाने वाढवा. वाटीसारखं वळलं तर वाढ कमी पडतेय, झालरीसारखं लहरलं तर जास्त होतेय.

झालेल्या त्रिकोणाचं काय करायचं

वरून किनार विणून त्रिकोणाचा चौकोन होत नाही, हे प्रयत्न करून बघितलंय. कापूनही उपयोग नाही, सगळे टाके सुटत जातात. वहीतल्या आकड्यांवरून जिथपर्यंत मोजणी बरोबर आहे ती ओळ शोधा, तिच्या काठाला पिन लावा, सुई काढा आणि दोरा हळू ओढत तिथपर्यंत उसवा. ओळीतला शेवटचा टाका हाताने न ओढता सुईने सोडवा, म्हणजे पुढे गेलेला फास चटकन पकडता येतो.

उसवलेली लोकर कुरळी होते. तशीच पुन्हा विणली तर टाके लहानमोठे पडतात आणि आपल्याला वाटतं हातच बिघडला. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून सैल लड करा, चार ठिकाणी दोऱ्याने बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलात दाबून पाणी काढा आणि दांडीवर लटकवा. इस्त्री मारू नका, अॅक्रिलिक वितळतं. जानेवारीत एका दुपारीत वाळते, जुलैत पंख्याखाली दोन दिवस लागतात. तोवर दुसऱ्या गुंड्याची २० टाक्यांची पट्टी विणा, दोन पिना लावून, २० ओळी. माझ्या हाताला ती साधारण १२-१३ सेंटीमीटर रुंद भरते. तुमची जी भरेल ती वहीत लिहून ठेवा, चौरंगावरच्या रुमालाला किती साखळ्या घालायच्या ते त्यावरूनच काढायचंय.